बंद झालेल्या पर्यायांची यादी

जे चालू आहे ते लिहिणारे आमच्या ऑफिसात बारा जण होते. जे बंद झालं ते लिहायला मी एकटा. ते बारा जण इंजिनीअर, मी सातवी पास. तरी माझं पान सगळ्यात जास्त वाचलं जायचं, हे आजही कुणालाही तोंडावर सांगेन. चालू वस्तूचं माहितीपुस्तक कोण उघडतो? अडलं की उघडतात.

मी मूळचा कंपोझिटर. पनवेलच्या एका छापखान्यात सव्वीस वर्षं खिळे जुळवले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दहाव्या-तेराव्याची कार्डं, ग्रामपंचायतीच्या नोटिसा. इंग्रजीसुद्धा जुळवायचो. इंग्रजी मला तेव्हा येत नव्हतं, आजही येत नाही. अक्षरं येतात. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे उलटं वाचायची डोळ्याला सवय. आणि एक सांगतो, ज्याला अर्थ कळत नाही त्याला चूक लवकर दिसते. शिकलेला माणूस अर्धा शब्द बघतो आणि उरलेला मनानं भरतो. मी मनानं काही भरत नाही.

छापखाना बंद झाला तेव्हा नवीन पनवेलच्या एका मॅडमनी मला बोलावलं. त्यांची कंपनी परदेशातल्या एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं तयार करायची. पहिल्या दिवशी माझ्यापुढे चाळीस पानं टाकली. मी सतरा चुका काढल्या. त्यातली एक अशी, की एका आडव्या रेघेच्या जागी दोन पडल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "काका, ही चूक आमच्या सहा जणांनी पाहिली नाही." मी म्हटलं, "ते वाचत असतील." त्या हसल्या आणि मला ठेवून घेतलं.

आता काम काय ते सांगतो. हे सॉफ्टवेअर म्हणजे कंप्युटरच्या पोटात दुसरा कंप्युटर चालवायचं. बाहेरचा खरा, आतला नुसता भास. पण आतल्याला ते ठाऊक नसतं. त्याला वाटतं आपणच खरे. बाहेरून एक ओळ टाइप करून त्याला सांगायचं, तुझी डिस्क एवढी, तुझी मेमरी एवढी, आज अमुक तारीख. तो सगळ्यावर विश्वास ठेवतो. त्याला खिडकी नाही, बाहेर डोकावून बघता येत नाही. मला पहिल्यांदा हे समजावलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. इंजिनीअर पोरं हसली. त्यांना अजून हसू येत असेल.

त्या ओळीत जे एकेक सांगायचं असतं त्याला ‘पर्याय’ म्हणायचे. पर्याय जुने होतात. मग सॉफ्टवेअरवाले ठरवतात, हा काढायचा. पण एकदम काढत नाहीत. आधी तो ‘जाणार’ यादीत टाकायचा. दोन आवृत्त्या तो चालतो, पण मशीन सुरू करताना दरवेळी पिवळ्या अक्षरात सांगतं, हा लवकरच जाणार आहे. तिसऱ्या आवृत्तीत काढतात, आणि ओळ ‘जाणार’मधून उचलून ‘गेलेले’ यादीत न्यायची. शेजारी लिहायचं, याच्या जागी काय वापरावं. काही पर्यायांच्या जागी काहीच नसायचं. तिथं ‘जागी काही नाही’ असं टाइप करायचं. इंग्रजीत ते मॅडमनी मला कागदावर लिहून दिलं होतं. ते टाइप करताना माझा हात जड व्हायचा.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. आम्ही सुकापूरला राहतो. बायको यमुना, शाळेचं तोंड न पाहिलेली, पण जीभ अशी की चार माणसं ऐकायला थांबतील. म्हणाली, "म्हंजे सांगून मारतान. बरा हाय. मान्सांना तेवडा पन नाय." वर मला टोमणा, "सातवी शिकलाव नि विंग्रजी मशिनीची मयतं लिवताव."

दोन्ही याद्यांतला प्रत्येक पर्याय मी स्वतः टाइप करून तपासायचो. ‘जाणार’मधला असेल तर मशीननं इशारा देऊन काम करायला हवं. ‘गेलेले’मधला असेल तर नकार द्यायला हवा. मागच्या बाजूला एक छोटी खोली होती, थंडगार, तिथं एक टेबल, एक फोन आणि मी.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. पुण्याचे एक निवृत्त साहेब दर महिन्याला फोन करायचे. एक पर्याय असा होता की जो कित्येक वर्षं काहीच करत नव्हता. मशीन तो ऐकायचं आणि सोडून द्यायचं. आम्ही तो काढला. साहेबांचा फोन. "अहो, तुम्ही काय केलंत? माझं मशीन मंद झालं!" मी म्हटलं, "साहेब, तो पर्याय काहीच करत नव्हता." ते म्हणाले, "तुम्हाला काय माहीत तो काय करत होता?" तेही खरंच. मला काय माहीत?

एक दिवस उरणहून अस्लमचा फोन आला. अस्लम म्हणजे उरण बाजारात कंप्युटर दुरुस्त करणारा. करंज्याच्या बंदरावर बर्फाचा एक कारखाना आहे, तिथलं मशीन त्यानं बसवलेलं. मासेमारीला निघणाऱ्या बोटी तिथून बर्फाच्या लाद्या भरून नेतात. अस्लम म्हणाला, "चाचा, मशीन रोज सकाळी पिवळ्या अक्षरात धमकी देतंय, हे लवकरच जाणार म्हणून. खिडकीवरची बाई रोज विचारते, काय जाणार? मी काय सांगू तिला? तुम्ही या एकदा, मेहरबानी होईल."

मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हीच जा. तुम्हाला त्यांची भाषा येते."

गेलो. उलव्याकडून एसटी जाते, तिथं तेव्हा नुसत्या क्रेनी आणि मातीचे ढीग. करंज्याला उतरलो तर वाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. कारखान्यात शिरलो तशी पायाला थंडी लागली. पावत्यांच्या खिडकीमागे हिराबाई बसलेली. पन्नाशीची, हिरवं लुगडं, कपाळ मोकळं. अस्लमनं ओळख करून दिली, "हे चाचा, मशीनच्या कंपनीतले."

ती म्हणाली, "बसा दादा. आता चालू करतंय, बगा तुमीच."

तिनं बटण दाबलं. आधी काळा पडदा, मग ती पिवळी ओळ. स्टार्टडेट हा पर्याय लवकरच जाणार. नंतर तारीख आली. तारीख चार वर्षांपूर्वीची होती. आणि तारखेखाली हिरव्या अक्षरांत एकच ओळ लुकलुकायला लागली.

आज येणार : देवकृपा.

हिराबाईनं ती वाचली, उठून दरवाज्यापर्यंत गेली, खाडीच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि परत येऊन बसली. खिडकीबाहेर एक खलाशी उभा होता. "किती लाद्या?" तिनं विचारलं. पावती छापून निघाली. पावतीवर तीच चार वर्षांपूर्वीची तारीख. तिनं जांभळ्या शाईचा शिक्का उचलला, जुन्या तारखेवर आजची तारीख ठोकली आणि पावती फाडून दिली. खलाशानं ती न बघताच खिशात घातली. त्यांना सगळ्यांना सवय होती.

अस्लमनं मला बाहेर नेऊन सांगितलं. कारखान्याचा हिशेबाचा प्रोग्राम जुना. करणारा माणूस कुठं गेला पत्ता नाही. त्याची मुदत एका तारखेला संपणार होती. मूळ कंप्युटर खाऱ्या हवेनं मेला, तेव्हा अस्लमकडे एकाच दिवसाची कॉपी होती. ती त्यानं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवली आणि स्टार्टडेट लावून तारीख त्याच दिवशी अडकवली, म्हणजे मुदत कधी संपतच नाही. रोज सकाळी मशीन त्याच दिवशी जागं होतं. संध्याकाळी बंद केलं की दिवसभरातलं सगळं विसरतं. कागदाच्या पावत्या राहतात, तेवढ्या पुरतात.

"आणि देवकृपा?" मी विचारलं.

"त्या बाईच्या नवऱ्याची बोट, चाचा. आठ दिवसांसाठी गेली होती. त्या दिवशी यायची होती." अस्लमनं खाडीकडे बोट केलं. "फळीसुद्धा मिळाली नाही. मी कॉपी मुद्दाम त्या दिवसाची नव्हती घेतली, खुदा जाणे. माझ्याकडे तेवढी एकच होती."

मी आत आलो. हिराबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगितला वाटतं त्यानं. येडी नाय मी दादा. मला ठाव हाय. अख्ख्या बंदराला ठाव हाय. पन या मशिनीला ठाव नाय ना. येकाला तरी ठाव नसू दे."

मी तिच्याशेजारी बसलो. तिनंच विचारलं, "काय जानार हाय ता सांगा."

मी तिला सरळ सांगितलं. तारीख अडकवायची ही जुनी पद्धत जाणार. त्याच्या जागी नवी आहे, काम तेच करते, फक्त लिहायची तऱ्हा वेगळी. जेव्हा जुनी जाईल तेव्हा माझ्या यादीत नवी कशी लिहायची ते असेल. अस्लम ते बघून बदलेल.

"तुमी लिवनार?"

"मीच लिहिणार."

"इसरनार नाय ना?"

"ताई, माझं कामच ते आहे," मी म्हटलं. शब्द दिला आणि निघालो.

घरी यमुनाला सांगितलं. ती जवळा निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं की तिची तब्येत बिघडलीय. नंतर एवढंच म्हणाली, "लिवा हो नीट. ती बाय तुमच्या भरवशावर हाय."

त्या वर्षी यमुनाच्या पायांना सूज आली. डॉक्टरांनी किडनी सांगितली. आठवड्यातून दोनदा मशीनवर नेऊन रक्त धुवायचं. मी रजा टाकून न्यायचो. त्या मशीनवरही आकडे लुकलुकायचे, मी आकडे वाचत बसायचो आणि ती म्हणायची, "तकडं काय बगताव, माज्याकडं बगा." सात महिने चाललं. मग ती गेली. मुलगी पेणहून आली, तेरा दिवस राहिली, परत गेली. मी घराला कुलूप लावून ऑफिसला जायला लागलो.

आणि त्याच आठवड्यात स्टार्टडेटची पाळी आली. पुढच्या आवृत्तीत तो निघणार होता. ओळ ‘गेलेले’मध्ये न्यायच्या आधी शेवटची तपासणी करायची होती.

कुठलीही तारीख चालली असती. मी एक गुरुवार घातला. तो मला पाठ होता, कारण त्या दिवशी आमची एक मोठी आवृत्ती निघाली होती आणि ऑफिसात पेढे वाटले होते. त्याच दिवशी यमुनानं मला ऑफिसात फोन केला होता. आयुष्यात एकदाच. अकरा वाजून पंधरा मिनिटांनी. विचारत होती, "अवो, जवल्यात कैरी टाकू का वांगा?" मी म्हटलं होतं, "काम चाललंय. ठेव फोन." तिनं ठेवला. संध्याकाळी जवळ्यात दोन्ही होतं.

पर्यायात तारखेबरोबर वेळही घालता यायची. मी सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं टाकली.

आतलं मशीन जागं झालं. त्याला वाटलं तो गुरुवार आहे. मी घड्याळाकडे बघत बसलो. सेकंद सरकत होते. अकरा अकरा. अकरा बारा. एक गोष्ट डोक्यात आली आणि निघेना. या खोलीत त्या मशीनला विचारलं तर यमुना जिवंत आहे. आता या क्षणी ती सुकापूरला पाटावर बसून जवळा निवडते आहे.

अकरा पंधरा झाले. टेबलावरच्या फोनकडे बघितलं. वाजला नाही. वाजणार कसा? मी मूर्ख नाही. पण मी रिसीव्हर उचलला आणि घरचा नंबर फिरवला. घराला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात होती. नुसती रिंग जाईल, ती ऐकू, एवढंच मनात होतं.

फोन एंगेज लागला.

मी परत फिरवला. परत एंगेज. जसं पलीकडे कुणी रिसीव्हर उचलून दुसरीकडे नंबर लावत असावं.

लाइन खराब असेल. सुकापूरला तेव्हा रस्ते खोदून ठेवले होते, तारा तुटायच्या, सगळं मला माहीत आहे. पण तेव्हा मला एकच समजलं. ती इकडे फोन लावते आहे, आणि माझाच रिसीव्हर माझ्या हातात असल्यामुळे तिला इथला एंगेज लागतो आहे. रिसीव्हर खाली ठेवला असता तर काय झालं असतं ते मला बघवलं नसतं. मी आधी मशीनची तार ओढून काढली, मग रिसीव्हर ठेवला, आणि खोलीच्या बाहेर येऊन जिन्यात बसलो.

आज म्हणाल तर मला त्याचीच हळहळ वाटते. रिसीव्हर आधी ठेवायला हवा होता. दोन मिनिटं थांबायला काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी याद्या करायला बसलो. बारा पर्याय ‘जाणार’मधून ‘गेलेले’मध्ये न्यायचे होते. अकरा ओळी नीट हलवल्या. स्टार्टडेटची ओळ ‘जाणार’मधून काढली आणि ‘गेलेले’मध्ये घातली नाही. छापखान्यात मजकूर छापून झाला की आम्ही तो मोडतो. खिळे सुटे करायचे, धुवायचे, पेटीतल्या ज्या त्या घरात परत टाकायचे. मोडलेला मजकूर कुणी जपून ठेवत नाही. स्वतःला मी तेच सांगितलं, सव्वीस वर्षांच्या सवयीनं हात गेला. खोटं आहे. तो पर्याय पुन्हा कुणाच्या हाती पडू नये असं मला वाटलं होतं. हिराबाईला दिलेला शब्द आठवला नाही असंही नाही. आठवला. तरी ओळ मोडली.

माझ्या ओळी कुणी तपासायचं नाही. चुका काढणाऱ्याच्या चुका कोण काढणार?

त्यानंतर पाचेक महिने झाले असतील. पावसाळा संपून बोटी पुन्हा निघायच्या दिवसांत अस्लमचा फोन. आवाज उतरलेला.

"चाचा, कारखान्याचा कंप्युटर पाण्यानं मेला. नवीन घेतला, माझ्याकडची ती जुनी कॉपी चढवली, पण त्यावर तुमची नवी आवृत्ती आली. ती स्टार्टडेट घेतच नाही. म्हणते असं काही नाही. मी तुमची यादी उघडली. वरून खाली तीनदा बघितली. त्यातही नाही. मला वाटलं, असं काही नव्हतंच की काय? मग मी तो शब्द काढून मशीन सुरू केलं."

शब्द काढला म्हणजे मशीनला आजची खरी तारीख कळली.

"काय झालं सांग."

"प्रोग्रामची मुदत संपली म्हणतंय. यादी दिसते, पावती निघत नाही. पण ते सोडा. बाई समोर बसली होती, चाचा. तिथं देवकृपाच्या पुढं आलं, ‘उशीर’. आणि पुढं दिवस. एक हजार आठशे एकोणचाळीस दिवस. लाल अक्षरात. मला काय माहीत, ते आतल्या आत मोजून दाखवेल म्हणून."

"ती काय म्हणाली?"

"आकडा वाचत बसली. नंतर मला विचारलं, बोटीवरचं पिण्याचं पाणी एवढे दिवस पुरेल का? बोटीवर दहा दिवसांचं पाणी असतं, चाचा."

मी फोन ठेवला आणि मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं. गुरुवारचं, एंगेजचं, मोडलेल्या ओळीचं. मॅडम तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. ओरडल्या नाहीत, त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं. म्हणाल्या, "काका, गेलेले पर्याय आपण काढून नाही टाकत. कितीही जुने झाले तरी. लोक त्यांना शोधत येतात." मी म्हटलं, "हो." तिथंच त्यांच्यासमोर बसून ओळ परत घातली. पर्यायाचं नाव, कधी गेला, जागी काय वापरावं. नवा पर्याय माझ्या हातानं टाइप केला, अक्षर अक्षर तपासलं, आणि तीच ओळ कागदावर उतरवून दुसऱ्या दिवशी सकाळी करंज्याची गाडी धरली.

कारखान्यात खिडकीपुढे रांग लागली होती. पावत्या निघत नव्हत्या, मुकादम हातानं वहीत लिहीत होता आणि खलाशांशी भांडत होता. हिराबाई खुर्चीत मशीनसमोर बसलेली. लाल ओळ पडद्यावर तशीच. आकडा अस्लमनं सांगितला त्यापेक्षा एकानं वाढला होता.

मी तिच्यासमोर उभा राहिलो. "ताई, चूक माझी. मी लिहिणार म्हटलं होतं, लिहिलं नाही. मुद्दाम नाही लिहिलं."

तिनं वर बघितलं. "तुमचा कोन गेला?"

तिला कुणी सांगितलं नव्हतं. "बायको," मी म्हटलं.

"मंग बसा," ती म्हणाली.

अस्लम माझ्या कानाशी लागला. जुना कंप्युटर मेल्यामुळे अडकवलेली तारीख कुठंच लिहिलेली नव्हती, आणि त्याला ती नीट आठवत नव्हती. लाल आकड्यावरून मागं मोजायचं तर एखाद्या दिवसाची चूक व्हायची भीती. तिला विचारायचा धीर आम्हा दोघांना नव्हता. मी जुन्या पावत्यांचा गठ्ठा मागितला. तारखेवर जांभळा शिक्का इतका जाड की काही दिसेना. पण छापणारं यंत्र टाचण्या ठोकून अक्षर काढणारं होतं. पावती उलटी करून मी उजेडात तिरकी धरली. मागं टोचलेले ठिपके उठले होते, उलटे. ते मला सरळच दिसतात. दिवस, महिना, वर्ष, तिन्ही मी कागदावर लिहून घेतले.

हिराबाई बघत होती. म्हणाली, "मला इचारला आसता तरी सांगितला आसता."

अस्लमनं मान खाली घातली. मी नवा पर्याय टाइप करायला घेतला. तारखेशी आलो तसा तिनं माझा हात धरला. हात बर्फासारखा गार.

"ती नको."

"मग कुठली, ताई?"

"ती आता बगितली मी. पाच वर्सां बगितली. त्या दिवशी ते नवते आले. आता मशिनीला पन ठाव झाला, मला दिसला तिचा तोंड." तिनं माझा हात सोडला. "ते निगाले त्याच्या आदल्या दिवसाची घाला."

अस्लम म्हणाला, "चाची, त्या दिवशी तर बोट जेटीलाच असेल."

"म्हनूनच सांगतंय."

मी नऊ दिवस मागं मोजले. बोटांवर मोजले, पुन्हा मोजले, कारण महिना मधे बदलत होता. मुदतीच्या आतलीच तारीख होती, प्रोग्राम चालणार होता. टाइप केलं. आडव्या रेघा तपासल्या, टिंबं तपासली. अस्लमनं बटण दाबलं.

काळा पडदा. पिवळी ओळ आली नाही. तारीख आली, बरोबर होती. ‘आज येणार’च्या पुढं काही नव्हतं. मग खाली दुसरी ओळ आली. बोटी बर्फाची नोंद आदल्या दिवशी करायच्या, ती पक्की करायला प्रोग्राम विचारत होता.

उद्यासाठी नोंद : देवकृपा. चाळीस लाद्या. बर्फ द्यायचा? हो / नाही.

पाठीमागं बर्फ फोडणाऱ्या क्रशरचा आवाज चालू होता, तो मला एकदम ऐकू यायचा बंद झाला. हिराबाईनं ओळ एकदा वाचली. तोंडानं हळू वाचली, ‘देवकृपा’.

"त्या दिवशी मीच हो केलता," ती म्हणाली. "ते खिडकीशी हुबे व्हते. वारा बरा नव्हता. मी म्हटला पन, जाऊ नका. म्हनाले, लाद्या दे, जास्ती बोलू नको. मी दिल्या."

तिनं उजव्या हाताचं बोट पुढं केलं, ‘नाही’च्या बटणावर ठेवलं, आणि दाबलं. पडद्यावर आलं, देवकृपा, बर्फ नाही. बर्फाशिवाय बोट निघत नाही.

ती पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"उंद्या परत इचारील ना?"

"संध्याकाळी विसरेल," मी म्हटलं. "उद्या सकाळी परत विचारील. रोज विचारील."

"मंग झाला."

तिनं डोळे पुसले नाहीत, शिक्का हातात घेतला, आणि खिडकीबाहेरच्या रांगेवर ओरडली, "ये रं, कोन हाय पयला? किती लाद्या?"